मार खाणारी बाई ‘सुखात हाय’ म्हणते, तेव्हा सर्वेक्षणात काय धरायचं?

तुम्ही विचारलंय की यवतमाळकडच्या एका गावात प्रकल्पासाठी बायांशी बोलताय, आणि ज्या घरातली मारझोड साऱ्या गल्लीला ठाऊक आहे तिथली बाईही “सुखात हाय” म्हणते. तिचं सुख खरं मानायचं का?

मानायचं. “दारू पेला का मारते, नाहीतर देवमाणूस हाय” म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिनं आपलं सुख आईच्या आणि शेजारणीच्या संसाराशी ताडून पाहिलेलं असतं, आणि ते मापच गावानं ठरवलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं अशी 7 कारणं देऊन विचारतात की नवऱ्यानं मारलं तर योग्य का. 2019-21 मध्ये देशातल्या 45 टक्के बायांनी आणि 44 टक्के पुरुषांनी किमान एका कारणाला ‘हो’ म्हटलं. सर्वांत जास्त मान्यता होती ती सासू-सासऱ्यांचा मान न ठेवण्याला.

पण मारणं रीत मानलं म्हणून अंग सोसत नाही. म्हणून नुसतं “सुखी आहात का?” विचारून थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेची 20 प्रश्नांची हो-नाही यादी आहे: गेल्या 30 दिवसांत डोकं दुखतं का, भूक मंदावली का, झोप लागते का. तोंडानं सुखी सांगणारी बाई इथं वेगळं सांगू शकते.

क्रम सांभाळा. सुखाचा प्रश्न आधी, मारहाणीचा नंतर, आणि प्रत्येक घरी तोच क्रम. उलटं केलंत तर मारहाणीची आठवण सुखाच्या उत्तरात उतरते. ‘हिंसा’ हा शब्द टाळा. थापड, केस ओढणं, ढकलणं, मजुरीचे पैसे काढून घेणं असं एकेक विचारा, गेल्या 12 महिन्यांपुरतं. “तुम्हाला काय वाटतं” आणि “गावात लोक काय म्हणतात” हे दोन वेगळे प्रश्न ठेवा, कारण खूपदा बाईला स्वतःला मारणं पटत नसतं, फक्त बाकी साऱ्यांना पटतं असं तिला वाटत असतं.

एका घरात एकच बाई, आणि त्याच घरातल्या पुरुषाला हे प्रश्न नाहीत. वावरात वेचणीच्या ओळीत विचारू नका, शेजारची ऐकते. ओसरीवर सासू आली तर लगेच बचत गटाच्या कर्जाकडे वळा. हे वळण बाईला आधीच सांगून ठेवा.

“राहू कुठं?” हा प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर हवं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं, घर तिच्या नावावर नसलं तरी सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत राहते त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल, म्हणजे तिच्या तक्रारीची नोंद, भरतात, तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, महिला हेल्पलाइन 181. नंबर चिठ्ठीवर देऊ नका, नवऱ्याच्या हाती लागते. तोंडपाठ करून घ्या.

आणि गावात यावर बोलणं सुरू झाल्यावर पुढच्या फेरीत सुखाचे आकडे घसरले, तर ‘उपक्रम फसला’ असं अहवालात लिहू नका. माप बदललं की तीच बाई कमी सुखी सांगू शकते. त्या आकड्याशेजारी किती जणींनी कुणाला तरी सांगितलं ते मांडा. त्याच देशपातळीच्या सर्वेक्षणात मार खाल्लेल्या 77 टक्के बायांनी कुणाजवळ शब्दही काढला नव्हता.