पंजाला लागले आहे, पण लक्ष पोटाकडे ठेवा

प्रश्न : आमच्या घरी तीन वर्षांची सशी आहे. परवा सतरंजीच्या सुटलेल्या धाग्यात तिच्या पुढच्या पंजाचे नख अडकले आणि तिने पाय ओढल्यामुळे ते अर्धे उपटले गेले. थोडे रक्त आले आणि थांबले. आता ती तो पंजा किंचित उचलून चालते आणि सारखा चाटते. आम्ही घरातल्या जंतुनाशक द्रावणाने जखम पुसून पट्टी बांधली, परंतु तासाभरातच तिने ती कुरतडून काढली. पट्टी टिकावी म्हणून काय करावे? मुलासाठी आणलेले प्रतिजैविक घरात शिल्लक आहे, ते थोडेसे दिले तर चालेल का? ती गवत खाते, पण नेहमीपेक्षा कमी खाते असे वाटते.

उत्तर : आधी औषधाबद्दल सांगतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. ते प्रतिजैविक सशीला देऊ नका. लहान मुलांना बहुधा अमॉक्सिसिलिन दिले जाते. ते, तसेच पेनिसिलिन, अँपिसिलिन आणि क्लिंडामायसिन ही औषधे सशाच्या पोटात तोंडावाटे गेली, तर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागात राहून गवत पचवणारे उपयुक्त जीवाणू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जीवाणू वाढतात आणि त्यातून होणारा जुलाब प्राणघातक ठरू शकतो. सशाला ओकारीही होत नाही, त्यामुळे चुकीचे औषध एकदा पोटात गेले की ते बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. सशांना चालणारी प्रतिजैविके आहेत, पण तुम्ही वर्णन केलेल्या जखमेला त्यांची गरज आहे की नाही हे पशुवैद्याने पंजा पाहूनच ठरवायला हवे. वेदनाशामकांनाही हाच नियम लागू आहे. सशासाठी योग्य वेदनाशामक पशुवैद्याकडे असते आणि ते अवश्य मागावे. माणसांच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देऊ नये.

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे तो दुखणे लपवतो. ओरडत नाही, तक्रार करत नाही, फक्त खाणे कमी करतो. सशाचे आतडे सतत काहीतरी पुढे सरकत असेल तरच नीट चालते. दुखण्यामुळे खाणे मंदावले की आतडे मंदावते, आतडे मंदावले की पोटात वायू धरून पोट दुखू लागते आणि पोट दुखले की उरलेसुरले खाणेही थांबते. नखाची जखम स्वतः क्वचितच जीव घेते, पण हे चक्र एकदा सुरू झाले की एका दिवसात प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून आज पंजाइतकेच तिच्या लेंड्यांकडे पाहा. त्या नेहमीच्या आकाराच्या, गोल आणि भरपूर असतील तर काळजी कमी. बारीक, वेड्यावाकड्या किंवा संख्येने कमी झाल्या असतील, तर पशुवैद्याला त्याच दिवशी भेटा. दहा ते बारा तास तिने काहीच खाल्ले नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, तर रात्र असली तरी थांबू नका. पाठ उंचावून एका कोपऱ्यात बसून राहणे, अर्धवट मिटलेले डोळे आणि दात करकर वाजवणे ही वेदनेची खूण आहे. लाडाने कुरवाळताना ससे दात हळुवार वाजवतात, तो आवाज वेगळा असतो आणि तुमच्यासारख्या पाळणाऱ्याला तो फरक लगेच कळेल.

आता जखमेविषयी. घरातले जंतुनाशक द्रावण, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा लावू नका, कारण त्यांनी नाजूक पेशी भाजतात आणि भरून येणारी जखम मागे पडते. शिवाय ससा पुढच्या पंजांनीच तोंड धुतो, त्यामुळे पंजाला लावलेली प्रत्येक गोष्ट पोटात जाणार असे धरून चालावे. माणसांसाठीची मलमे, विशेषतः स्टेरॉइड किंवा बधिर करणारे औषध असलेली, याच कारणासाठी वर्ज्य आहेत. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा, त्यात स्वच्छ गॉज भिजवून दिवसातून दोनदा पंजा हलकेच टिपून घ्या आणि नंतर कोरड्या गॉजने बोटांमधली ओल काढा. पूर्ण आंघोळ घालू नका. सशाची कातडी अतिशय पातळ असते, म्हणून जखमेला चिकटलेले केस ओढू नका आणि कात्रीने कापायलाही जाऊ नका. नख अर्धवट लोंबत असेल तर ते घरी उपटू नका, पशुवैद्य ते वेदना कमी ठेवून काढून टाकतील. मुळाला इजा झालेली नसेल तर नवे नख यथावकाश येते. पुन्हा रक्त आले तर स्वच्छ कापड पाच ते दहा मिनिटे न उचलता दाबून धरा; नखाच्या टोकातून येणारे रक्त थोड्या कॉर्नफ्लोअरनेही थांबते.

पट्टी टिकवण्याचा प्रयत्न सोडून द्या. अशी छोटी जखम उघडी आणि कोरडी राहिली तर बरी भरते. पट्टी सैल झाली तर ती कुरतडून गिळली जाते, घट्ट झाली तर पंजाचा रक्तपुरवठा तुटतो आणि भिजली तर आतली कातडी कुजते. गळ्यात घालायचा शंकूही सशासाठी शक्यतो टाळावा, कारण ससा रात्री व पहाटे आपली मऊ लेंडी थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो आणि ती त्याच्या पोषणाचा आवश्यक भाग आहे. थोडेफार चाटणे चालेल; सतत चावणे सुरू झाले तर ते दुखण्याचे लक्षण समजावे.

जखम पाहताना तिला उताणी करून धरू नका. उताण्या स्थितीत ससा निश्चल पडतो, पण ती शांतता नसून भीती असते. तिला जमिनीवर टॉवेलात गुंडाळून तेवढाच पंजा बाहेर काढा, दुसऱ्या कोणाला मागचा भाग नीट आधार देऊन धरू द्या. सशाची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जोरकस असतात. अधांतरी धडपडताना कणा मोडल्याची उदाहरणे असतात. पुढचे काही दिवस तिला उड्या माराव्या लागणार नाहीत अशा छोट्या सपाट जागेत ठेवा, खाली जाड वाळलेले गवत पसरा, ते रोज बदला आणि माश्या येऊ देऊ नका. ओल्या किंवा घाणीने माखलेल्या अंगावर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या पडू शकतात. तिचा जोडीदार ससा असेल तर तो जवळच असू द्या.

जखम वरून भरली तरी पुढचे दोन आठवडे पंजा रोज बोटांनी चाचपा. सशाचा पू घट्ट असतो, वाहून जात नाही, त्याभोवती आवरण तयार होते आणि औषध आत पोहोचत नाही. म्हणून कडक गाठ लागली तर शेकत बसू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. पंजा सुजला, गरम लागला, पायावर भार टाकणे तिने पूर्ण बंद केले किंवा जखम मांजर-कुत्र्याच्या चाव्याची असली, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

प्रश्न : माझ्या सशाच्या मागच्या दोन्ही टाचांवरचे केस गेले असून तिथे लालसर डाग आहेत. तो जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात राहतो. मलम लावू का?

उत्तर : मलमाआधी जाळी बदला. कुत्र्यामांजरांना असते तशी तळव्याची गादी सशाला नसते, दाट केस हेच त्याचे संरक्षण असते, आणि तारेवर शरीराचा सारा भार टाचेच्या छोट्या भागावर येतो. सपाट तळ आणि त्यावर जाड गवत ही खरी चिकित्सा आहे. वजन जास्त असेल तर खुराक कमी करून गवत वाढवा. नखे लांब असतील तर पाय मागे झुकतो आणि भार टाचेवर सरकतो, म्हणून ती कापून घ्या व पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी पाहत राहा. टाचेवर कातडी अखंड असून थोडी उघडी, गुलाबी दिसत असेल तर नुसते लक्ष ठेवणे पुरे आहे. खपली, भेग किंवा ओल दिसली तर मात्र लगेच पशुवैद्याला दाखवा, कारण तिथून संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो आणि मग उपचाराला कित्येक महिने लागतात.