मेल परत येतोय? आधी आयपीची उलटी नोंद बघ

अरे, तुझ्या मेल सर्व्हरवरून गेलेले मेल परत येतायत म्हणून दोन दिवस तू डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी उलटी नोंद, शोधतोयस, पण तो तिथे सापडायचाच नाही. उलटी नोंद आयपी ज्याचा, त्याच्या हातात. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या तुझ्या ऑफिसची इंटरनेट लाइन ज्या कंपनीची, तिच्याकडेच लेखी मागणी कर. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी नसेल तर हा नाद सोड, सरळ रिले सेवेतून, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत, मेल पाठव.

नोंद झाली की दोन्ही बाजूंनी तपास: आयपीवरून नाव आणि त्या नावावरून परत तोच आयपी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही अट सगळ्यांनाच घातली आहे. परत आलेल्या मेलमध्ये ५५०-५.७.२५ हा एरर कोड दिसला की दुखणं पीटीआरचंच. हेलोला, म्हणजे समोरच्या सर्व्हरला ओळख देताना, तुझा सर्व्हर तेच नाव सांगू दे, ‘लोकलहोस्ट’ नको.

मला खरं छळलं ते आयपीव्ही६ने, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्याने. एका नमकीनवाल्याचा सर्व्हर, सगळं बरोबर, तरी मधूनच मेल परत. मेल आयपीव्ही६वरून जात होता आणि त्या पत्त्याला उलटी नोंदच नव्हती! पोस्टफिक्सला, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, फक्त जुना आयपीव्ही४ वापरायला लावलं, सुटलं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस मात्र त्या रात्री हुकला.

आणि हो, नोंद बदलली तरी जुनी नोंद कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, काही तास राहते. लगेच कंपनीशी भांडू नकोस.