विचारा फौजीदादांना : मिशनवर टाइमपास कसा करतात?

प्रश्न : आमच्या ह्यांचं यूएन मिशनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, नाव आलंय, साऊथ सुदानमध्ये मलकाल म्हणून गाव आहे तिथं, एक वर्षासाठी. ड्युटीचं ते सांगतात पण संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी करणार काय तिथं? फोन लागतो का? सोबत काय देऊ? मला आणि मुलाला जाता येईल का? (एक भगिनी, जि. सातारा)

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो, फॅमिली नाही नेता येत. आणि पिक्चरमध्ये अमेरिकन बेस दाखवतात ना, पूल-बर्गर-बियर वाला, ते डोक्यातून काढून टाका. मलकाल पांढऱ्या नाईलच्या काठी आहे, राहायला कंटेनर नाहीतर प्रीफॅब (तयार भाग जोडून उभ्या केलेल्या खोल्या), आणि जमीन आपल्या विदर्भासारखी काळी कापसाची. पाऊस लागला की बूट दोन-दोन किलोचे होतात, गाडी रुतते, पेट्रोलिंग अडकतं आणि मग सगळी पलटण कॅम्पातच, खरा कंटाळा तेव्हा असतो, उन्हाळ्यात नाही.

बाकी दिवस भरलेला असतो. पहाटे पीटी, ड्युटी, दुपारी चारला गेम्स, म्हणजे व्हॉलीबॉल, शेजारी रवांडाची पलटण असली तर मॅच लावायची, उंच असतात पण आपली पोरं नेटवर चिवट. आता गंमत बघा, तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे आयपीएलची साडेसातची मॅच तिथं बरोब्बर चारला सुरू होते, गेम्सच्या टायमाला! सुभेदार साहेबांचा मूड बघून टीव्ही रूमचं दार उघडायचं. संध्याकाळी मंदिरात आरती, रोल कॉल, लंगरात, म्हणजे पलटणीच्या मेसमध्ये, जेवण. रेशन यूएनचं पण कुक आपलाच, चपाती-डाळ-भात मिळतो, सणाला बडा खाना, म्हणजे सगळ्या पलटणीची एकत्र मेजवानी. मराठा पलटण असली तर गणपती बसतोच आणि झांजा वाजतातच, बाकीचे देश मोबाईल काढून शूटिंग करत उभे.

आमच्या गावाकडच्या पोरांचा आवडता टाइमपास मात्र वेगळाच. आपल्या तुकडीचे व्हेटरनरी डॉक्टर तिथं गुरांचा दवाखाना चालवतात. एवढाल्या शिंगांचे बैल येतात की खिल्लारवाला पण गप्प होईल! ड्युटी नसली की पोरं तिथंच, दात बघ, वय सांग, भाव काय असेल, भाषा येत नाही तरी बैलमालकाशी हातवाऱ्यांनी अर्धा तास गप्पा.

फोनचं म्हणाल तर नेट असतं पण रात्री सगळे एकदम बसतात, मग व्हिडिओ अडकतो. तिथं आठ वाजले की तुमच्याकडे साडेअकरा, मुलगा झोपलेला. म्हणून रविवारी दुपारचा कॉल फिक्स करा, रोज वाट बघत बसू नका, एखाद दिवशी नाही आला तर लगेच वाईट विचार नको, बऱ्याचदा नेटवर्कच गेलेलं असतं.

पार्सलच्या भानगडीत पडू नका, जातानाच बॅगेत कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि पिक्चर, जुनी मराठी नाटकं भरलेली हार्ड डिस्क द्या, ती अख्ख्या बराकीत फिरते. मलेरियाच्या गोळ्या नियमाने घ्यायला मात्र बजावा. आणि हो, यूएन जवानाला हातखर्चाला दिवसाला १.२८ डॉलर देतं, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये, तेव्हा 'डॉलर कमावतोय' म्हणून पाहुण्यांनी उधारी मागायला येऊ नये.

प्रश्न : दादा मिशनवर आहे, त्याने पाठवलेले फोटो इन्स्टावर टाकले तर चालेल का? (कॉलेजकुमार, कोल्हापूर)

उत्तर : नको रे बाबा. आर्मीने जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप्स काढायला लावली, त्यात फेसबुक-इन्स्टा पण होतं, आणि तू इथून टाकलंस तरी चौकशी त्याच्यावर येते. कॅम्प, गाडी, पेट्रोलिंगचा दिवस यातलं काहीच नको. ९० दिवस झाले की यूएन मेडल लागू होतं, त्या परेडचे फोटो यूएन मिशन बरेचदा स्वतःच टाकतं, ते खुशाल शेअर कर, त्यात दादा शोध.