लोअर आर्मच्या बुशमध्ये जाम झालेला बोल्ट

प्रश्न : मी रत्नागिरीच्या एका मालकाकडून १२ वर्षांची जुनी गाडी घेतली. पुढच्या चाकाच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी भाग, बदलायला घेतले असता नट निघाला, पण बोल्ट काही बाहेर येत नाही. पान्याला पाइप लावून जोर दिला की बोल्टचे डोके थोडे फिरते आणि सोडले की मागे येते. मिस्त्री गॅसची ज्योत लावू म्हणतात. लावू द्यावी का? आणि नागपूरच्या कोरड्या हवेत एवढा गंज कसा चढला?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : डोके फिरून मागे येते हे तुम्ही आवर्जून कळवले ते फार बरे झाले, कारण सगळे निदान त्यातच आहे. बुशच्या मध्यभागी पोलादाची नळी असते, तिच्याभोवती रबर चिकटवलेले असते आणि बोल्ट त्या नळीतून आरपार जातो. तुमच्या गाडीत बोल्ट आणि नळी गंजाने एकजीव झाले आहेत. त्यामुळे बोल्टबरोबर नळीही फिरते, रबराला पीळ पडतो आणि जोर काढताच रबर सगळे मागे ओढून आणते. आटे जाम झालेले नाहीत, त्यामुळे पान्याचा पाइप आणखी लांब केल्याने काही साधणार नाही, उलट डोके तुटेल.

ज्योतीलाही माझा नकार आहे. आट्यांत अडकलेला नट तापवला की तो प्रसरण पावून गंजाची पकड सुटते, तिथे हा उपाय उत्तम आहे. इथे मात्र उष्णता नळीपर्यंत पोहोचण्याआधी रबर पेट घेईल, आणि शेजारून ब्रेकचा होज (रबरी नळी) जातो. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी तर ज्योत मुळीच नेऊ नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

गंजाचे मूळ बहुधा कोकणातल्या खाऱ्या हवेत आहे. परंतु आपली काळी मातीही निर्दोष नाही. बुश ज्यात बसतो त्या सांगाड्यावरच्या ब्रॅकेटच्या खोबणीत ती बसली की पावसाळाभर ओल धरून ठेवते. म्हणून आधी ती खरवडून तारेच्या ब्रशने जागा स्वच्छ करावी आणि नळीच्या दोन्ही टोकांशी गंज सोडवणारे तेल रात्रभर, दोन-तीन वेळा मुरवावे. मग नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत परत चढवून त्यावर हातोड्याचे घाव घालावेत, म्हणजे आटे चेपणार नाहीत. लांब नळीत तेल फक्त टोकांकडूनच शिरते, त्यामुळे एवढ्यानेही बोल्ट हलला नाही तर आणखी दिवस घालवू नका, सरळ कापा. बुश तसेही बदलायचेच आहेत. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत करवतीचे पाते घालून दोन्ही बाजूंनी कापल्यास आर्म मोकळा होतो. बोल्ट कठीण पोलादाचा असल्याने दोन-चार पाती झिजतील, पण ब्रॅकेट शाबूत राहते, आणि ते वाचवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे काम कधीही करू नये, खाली स्टँड लावलेच पाहिजेत.

कापण्यापूर्वी नवा बोल्ट आणि नट हातात असू द्या. जुन्या डोक्यावर १०.९ असा आकडा असेल तर नवाही त्याच प्रतीचा हवा. पहिला आकडा ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर सुमारे १,००० न्यूटन असल्याचे सांगतो. साध्या दुकानातला मऊ बोल्ट इथे चालणार नाही. नव्या बोल्टच्या आटे नसलेल्या भागावर गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्या. आट्यांना मात्र ते लावू नका, कारण मग आवळण्याच्या त्याच जोराने (टॉर्कने) बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

शेवटचे घट्ट करणे गाडी चाकांवर उभी असताना करावे. चाके लोंबकळत असताना नट आवळला तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश लवकर फाटतो, तेव्हा मिस्त्रींना हे आधीच सांगून ठेवा, आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्या.