संरक्षित समुद्रकिनाऱ्याने ऑफ-रोड मोटरसायकल चालवायची असेल, तर नियम नेमके कसे पाळायचे?

तुमचा प्रश्न मला असा समजला : तुम्ही दोघे सामान लादलेल्या मोटरसायकलींवरून आठवडाभर एका संरक्षित किनाऱ्याच्या कडेने जाणार आहात, परवाना मिळतो असे कळले आहे, पण बंदीचा फलक दिसला की वळायचे एवढ्याने भागेल का, आणि जिथे फलकच नाही तिथे काय करायचे, हे तुम्हाला विचारायचे आहे. एवढ्याने भागत नाही. अशा किनाऱ्यांवर मी बरीच वर्षे मोटरसायकल चालवत आलो आहे आणि नियम मोडण्याच्याच इराद्याने आलेला माणूस मला तिथे क्वचित भेटला. बहुतेकांना तो मोडायला भरती लावते. म्हणून उत्तराची सुरुवात मी कायद्यापासून न करता वाळूपासून करतो.

पुळण लांबून एकसारखी दिसली, तरी चालवणाऱ्याला तिचे वेगवेगळे पट्टे ओळखता आले पाहिजेत. सर्वांत खालचा पट्टा भरती-ओहोटीच्या मधला, ओला आणि घट्ट; त्यावर उमटलेला चाकाचा माग पुढची भरती पुसून टाकते. त्याच्या वरच्या कडेला शेवाळ, काड्या आणि फुटके शिंपले यांची लाटांनी आणून टाकलेली ओळ असते. ती कचऱ्यासारखी दिसते, पण त्या ओळीतल्या किड्यांवर आणि बारीक जिवांवर किनाऱ्यावरचे पक्षी जगतात, म्हणून चाक तिच्यावरून नेऊ नये. तिच्या वर कोरडी, भुसभुशीत वाळू लागते आणि त्याही वर वनस्पतींनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर या टेकड्यांच्या पायथ्याशी जांभळ्या फुलांची, लांबच लांब पसरणारी मर्यादावेल असते. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून तिला हे नाव पडले, आणि माझ्या मते मोटरसायकलवाल्याची मर्यादा तिच्याही बरीच अलीकडे, त्या शेवाळाच्या ओळीपाशीच संपते.

कोरड्या वाळूबद्दल इतका आग्रह का, हे समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या चिखल्या (प्लोव्हर) यांसारख्या पक्ष्यांचे घरटे म्हणजे वाळूतला नुसता उथळ खळगा. ठिपकेदार अंडी पाच पावलांवरूनही खड्यांसारखी दिसतात आणि पिल्लांना धोका जाणवला की ती पळत नाहीत, जागच्या जागी दबून बसतात, पुष्कळदा चाकाने पाडलेल्या खोलगट चाकोरीतच. समुद्री कासवांचे त्याहून अवघड. अंडी साधारण ४५ ते ६० दिवस वाळूत राहतात आणि पिल्ले बहुधा रात्री बाहेर येतात. जेमतेम ४-५ सेंटिमीटरचे ते पिल्लू वीतभर खोल चाकोरीत पडले की त्याला चढून येता येत नाही. ते समुद्राकडे जाण्याऐवजी किनाऱ्याला समांतर चालत राहते आणि दमून किंवा खेकड्या-पक्ष्यांच्या तावडीत सापडून संपते. कासवे कधीच निघून गेली, तरी किनारा अजून बंद का, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. शेवटच्या घरट्यानंतर दोन महिने मोजले की त्या तारखेचा हिशेब लागतो. चाकोरी सोडून जाण्याचे आपल्या भाषेत फार कौतुक असते, पण पुळणीवर दोघांनी एकामागोमाग, एकाच मागातून आणि ओल्या पट्ट्यातूनच जावे.

आता फलक नसेल तेव्हा काय, हा प्रश्न. जगात याबाबत दोन तऱ्हेचे कायदे आहेत : काही ठिकाणी बंदी लिहिलेली नसेल तर जाता येते आणि काही ठिकाणी परवानगी लिहिलेली असेल तरच जाता येते. संरक्षित किनारे बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. फ्रान्समध्ये ३ जानेवारी १९९१च्या कायद्याने वाहतुकीला खुल्या असलेल्या रस्त्यांव्यतिरिक्त नैसर्गिक क्षेत्रात मोटारवाहन नेण्यास मनाई केली आहे; तिथे फलकाची वाट पाहणाऱ्याला १,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २००१ मध्ये नियम काढून करमणुकीसाठी किनाऱ्यावर वाहन चालवणे मोजके अपवाद वगळता सरसकट बंद केले. पुढच्या काळात तिथल्या काळ्या ऑयस्टरकॅचर पक्ष्यांची संख्या वाढली, आणि बाहेरून आलेल्या भूमध्य सागरी शिंपल्यांमुळे वाढलेल्या अन्नाबरोबरच वाहनबंदी हेही त्याचे कारण मानले जाते. स्कॉटलंडच्या २००३च्या भूमी सुधारणा कायद्याने लोकांना जवळजवळ कुठल्याही जमिनीवरून जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला, पण अपंगांच्या वाहनांचा अपवाद सोडता मोटारवाहने त्या हक्कातून वगळली. भरतीरेषेच्या खालची जमीन सार्वजनिक असते, असे जे ऐकायला मिळते ते अनेक देशांत खरे आहे. पण तो हक्क पायी चालणाऱ्याचा असतो आणि मोटरसायकलला तो आपोआप लागू होत नाही.

परवाना मिळतो म्हणजे कोणता परवाना, हेही नीट विचारून घ्या. अमेरिकेतल्या केप हॅटरास राष्ट्रीय समुद्रकिनाऱ्यावर २०१२ पासून वाळूवर वाहन नेण्यासाठी परवाना लागतो, वेगमर्यादा ताशी १५ मैल म्हणजे सुमारे २४ किलोमीटर असते आणि कासवांच्या हंगामात रात्री वाहने बंद असतात. नामिबियाच्या स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यानात चारचाकीला परवान्यावर प्रवेश मिळतो, मोटरसायकलला मात्र मिळत नाही, आणि दूरवरून आलेल्या अनेकांना हे फाटकापाशी पोहोचल्यावर कळते. म्हणून व्यवस्थापनाला पत्र लिहिताना ‘वाहन’ या शब्दात दुचाकी येते का, कोणत्या प्रवेशद्वाराने आत जायचे आणि कोणत्या द्वाराने बाहेर पडायचे, कोणते टप्पे कोणत्या तारखांना बंद आहेत, हे स्वतंत्रपणे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. किनाऱ्याची जमीन पुष्कळदा एकाच्या ताब्यात नसते. रस्ता एका खात्याचा, उद्यान दुसऱ्याचे, मधला तुकडा खासगी किंवा गावाचा असतो. कुणीतरी आधी जाऊन नोंदवलेला जीपीएस ट्रॅक तुम्हाला उतरवून घेता येईल, पण तो माणूस तिथून गेला एवढेच त्यावरून सिद्ध होते, त्याला परवानगी होती असे सिद्ध होत नाही. वाट अडवायला रोवलेल्या खांबाला वळसा घालून गेलेले चाकांचे माग दिसले तरी हेच समजावे.

वाळूचा माग पुसला जातो हा दिलासाही सगळीकडे खरा नसतो. नामिबियात स्वाकोपमुंड आणि हेंटीज बे यांच्या मधल्या खडकाळ माळावर, समुद्रापासून फार दूर नाही अशा जागी, दगडफुलांची म्हणजे लायकेनची शेतेच्या शेते आहेत. पाऊस जवळजवळ नाहीच, धुक्याच्या ओलाव्यावर ती जगतात. रस्त्याच्या कडेलाच उभे राहून मी बाटलीच्या झाकणातून थोडे पाणी एका सुरकुतलेल्या, करड्या तुकड्यावर सोडले होते. काही मिनिटांत तो उलगडला, मऊ झाला आणि त्यात हिरवट झाक आली. त्याच्या पलीकडे दोन समांतर पट्टे दूरवर गेलेले दिसत होते, त्यांत एकही दगडफूल नव्हते. असे माग अनेक दशके टिकतात. हा सगळा भाग २०१० मध्ये डोरोब राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. किनाऱ्यालगतचा रस्ता मोटरसायकलने जायला उत्तम आहे आणि त्या रस्त्यावरच राहण्यात कसलेही नुकसान नाही.

आता भरतीकडे येतो. दोन भरतींमध्ये बहुतेक ठिकाणी सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा एक-दोन दिवस उशिरा, उधाण म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी येते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे सर्वांत लहान भरती असते. पाणी एकसारखे चढत नाही : चढण्याच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी उंची भरून निघते, आणि नवख्याला वाटते की अजून पुष्कळ वेळ आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ ठरावीक बंदराची असते; शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर राहते आणि समुद्राकडून वारा असेल तर त्याहूनही जास्त. ऑस्ट्रेलियातल्या क्गारी बेटाच्या किनाऱ्यावर भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास गाडी चालवणे टाळा, असे सांगितले जाते. सामान लादलेल्या मोटरसायकलसाठी मी तीन तास धरतो.

हे तीन तास मी चुकीतून शिकलो. एका किनाऱ्यावर दोन बाहेरवाटांमध्ये, म्हणजे पुळणीवरून वर निघायच्या वाटांमध्ये, अठरा किलोमीटरचे अंतर होते आणि माझ्याकडे हिशेबाने तासभर शिल्लक होता. मागच्या चाकाची ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली. दुरुस्तीला तास नाही, दीड तास लागला, कारण ओल्या वाळूत स्टँड रुतत राहिला. निघालो तेव्हा घट्ट पट्टा खोलीएवढा रुंद होता, पुढच्या टेकाडापाशी तो उरलाच नाही. मी मोटरसायकल वर घेतली, शेवाळाची ओळ ओलांडून, कोरड्या वाळूतून पहिल्या गिअरमध्ये रेटत. मागे वळून पाहिले तेव्हा वेलीच्या तीन लांब धावऱ्या चाकाखाली तुटून उलट्या पडल्या होत्या आणि त्यांच्या सांध्यांवरची पांढरी मुळे हवेत होती. त्या वेळी मला दिसलेला उपाय हाच होता. योग्य उपाय मात्र त्याआधीचा होता : ट्यूब दुरुस्त झाल्याबरोबर पुढे न जाता मागे, सहा किलोमीटरवरच्या बाहेरवाटेकडे वळणे आणि तिथे ओहोटीची वाट पाहत बसणे. तेव्हापासून दोन बाहेरवाटांच्या मधोमध मी घड्याळ पाहतो आणि ठरवलेली वेळ उलटून गेली असेल तर परततो, मग पुढची वाट कितीही मोकळी दिसो.

ट्यूब का फाटली तेही सांगून टाकतो. वाळूसाठी मी हवा १२-१५ पीएसआयपर्यंत उतरवली होती, पण मागच्या चाकाला रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारी पकड, नव्हते. टायर रिमवर सरकला आणि व्हॉल्व्ह ओढला गेला. रिम लॉक नसेल आणि सामान जड असेल, तर १८च्या खाली न जाणे बरे, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरायला पंप जवळ हवाच. स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढी पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती घ्या. लाटांच्या पाण्यातून मोटरसायकल नेऊ नका आणि रोज संध्याकाळी साखळी, ब्रेक आणि वायरींचे जोड गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा.

तुमच्या तारखा अजून ठरल्या नसतील, तर तक्त्यात आणखी एक गोष्ट बघा. कोणत्याही एका जागी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दर पंधरवड्याला जवळजवळ त्याच वेळेला येते. काही किनाऱ्यांवर ती सकाळी असते, काहींवर पहाटे आणि संध्याकाळी. जिथे रात्री वाहन चालवायला मनाई आहे, तिथे मधल्या दिवसांत ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येईल असा आठवडा निवडा आणि परवान्याचा अर्ज त्याच तारखांचा करा.