सॅमनला रावस समजू नका: गूळ-आगळाचं ग्लेझ, अर्ध्या तासात

प्रश्न ठाण्याहून परदेशी गेलेल्या एका घरातला आहे: ‘सॅमनला गोड ग्लेझ (चकाकणारा दाट लेप) लावून ओव्हनमध्ये ठेवते. वरून काळं होतं, आतून भुसा. काय चुकतं?’

चुकतं ते वेळेचं. गूळ असो वा मध, त्यातली साखर २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये १२ मिनिटं टिकत नाही, करपून कडू होते. म्हणून मासा आधी कोरा भाजायचा आणि ग्लेझ शेवटच्या ४ मिनिटांत लावायचं.

दुसरी गोष्ट सवयीची. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातून आणलेला रावस आपण आडव्या तुकड्यांत, मधल्या काट्यासकट तळतो. रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी तो सॅमनच्या कुळातला नाही. सॅमन जास्त तेलकट. शिवाय तिथे मिळते ती बिनकाट्याची, सालीसकट फिलेट. काट्याचा आधार नाही, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी कोरडी पडते.

चौघांसाठी: १५० ग्रॅमच्या ४ फिलेट, साधारण अडीच सेंटिमीटर जाड. गोठवलेली असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवा. पाकीट हवाबंद असेल तर फ्रीजमध्ये ठेवण्याआधीच कापून उघडा, बिनहवेच्या पाकिटात घातक जंतू वाढू शकतात.

घरी पोहोचल्याबरोबर ओव्हन २०० अंशांवर लावा आणि भाताचा कुकर चढवा. माशाला पाऊण चमचा मीठ आणि पाव चमचा हळद चोळून १५ मिनिटं ठेवा. मग पेपर टॉवेलने नीट टिपा. ही पायरी गाळू नका. ओल्या माशावरून ग्लेझ ओघळून ट्रेमध्ये जातं आणि तिथेच जळतं. मासा आगळात (कोकमाच्या दाट रसात) मुरवायचा मात्र मोह टाळा. वशट वास जावा म्हणून आपण तसं करतो, पण आंबटाने फिलेटचा वरचा थर पांढरा आणि भुसभुशीत होतो.

तेवढ्यात ग्लेझ. स्टीलच्या छोट्या पातेल्यात ३ मोठे चमचे चिरलेला गूळ, २ मोठे चमचे कोकम आगळ, १ मोठा चमचा पाणी, ठेचलेल्या ४ लसूण पाकळ्या आणि १ चमचा आगरी-कोळी मसाला. मंद आचेवर ३-४ मिनिटं. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मोडली नाही की लगेच उतरवा. गार होताना ते आणखी दाटतं. तार येईपर्यंत थांबलात तर माशावर चिक्कीसारखं कडक होईल. तसं झालंच तर चमचाभर गरम पाणी घाला. आगळात बहुधा मीठ असतंच, तेव्हा ग्लेझमध्ये वेगळं घालू नका. आगळ नसेल तर ८-१० आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून कुस्करा. मग वरचं साधं पाणी नको.

ट्रेवर फॉइल, त्याला तेलाचा हात, मासा साल खाली. ८ मिनिटं भाजा, बाहेर काढून ग्लेझ लावा, पुन्हा ४ मिनिटं. तिलापियासारखा पातळ मासा असेल तर ५ आणि २. जेवणाच्या काट्याने (फोर्कने) दाबल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या की झालं. घरात गरोदर बाई किंवा आजी-आजोबा असतील तर थर्मामीटर वापरा, मधोमध ६३ अंश हवेत. वर पांढरं साकळलेलं दिसलं तर ती चरबी नव्हे, प्रथिनं आहेत. खाण्यात वाईट नाही, पण आच जास्त झाली एवढं कळतं.

सोबत वरण-भात आणि दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी. सोलकढी आज नको, कोकम दोनदा होतं. उरलेला तुकडा ऑफिसात मायक्रोवेव्ह करू नका, कोरडाही होतो आणि वासही सुटतो. गारच सुटा करा, कांदा-लिंबू घालून पोळीत गुंडाळा. फ्रीजमध्ये २ दिवस राहील.