लोरायडर (जमिनीलगत खाली आणलेली, हवी तेव्हा वर-खाली होणारी) गाडीच्या डिकीत इतक्या बॅटऱ्या कशासाठी असतात?

तेलाच्या दाबाने गाडी वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक पंपांसाठी. 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून पंपाच्या मोटरला 36, 48, उड्या मारणाऱ्या गाडीत 72 किंवा त्याहून जास्त व्होल्ट देतात. गाडी खाली आणायला मात्र मोटर लागत नाही. डम्प व्हॉल्व्ह उघडला की गाडीच्या वजनानेच तेल टाकीत परततं.

दगा देतो तो सोलेनॉइड, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच. बॅटऱ्या उतरल्या की त्याचे कॉन्टॅक्ट नीट दाबले जात नाहीत, ठिणग्या उडून चिकटतात. स्विच सोडला तरी मोटर फिरतच राहते, मग धूर. म्हणून ग्राउंड केबलला हाताने झटकन ओढता येणारा डिस्कनेक्ट हवाच.

हा खटाटोप सुरू झाला कायद्यामुळे: कॅलिफोर्नियात 1958 मध्ये गाडीची बॉडी चाकाच्या रिमच्या खाली नेण्यास बंदी आली (ती 2024 मध्ये उठली). गाड्यांचं रूप बदलणारे रॉन अगिरे यांनी 1959 च्या सुमारास विमानाचे हायड्रॉलिक भाग आपल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला बसवले. पोलीस दिसले की गाडी वर!